सव्वीस रविवार, एकशे पाच पानं

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. जमा रक्कम एकेचाळीस हजार सहाशे रुपये. हजर नऊ, त्यांत मी एक. जागा डोंबिवली पूर्वेतल्या एका शिकवणीच्या वर्गाची. वर्गाचे चालक आमच्यातलेच असल्यामुळे आणि रविवारी खोली रिकामी असल्यामुळे भाडं शून्य. फळ्यावर आदल्या दिवशीचं त्रिकोणमितीचं गणित तसंच होतं. ते पुसायचं नाही, एवढी एकच अट होती.

आम्ही नऊ जण म्हणजे कोण, ते सांगतो. एक संगणकाची भाषा आहे. ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा आतला सगळा मजकूर कुणीही वाचावा, वापरावा, चुकला असेल तर दुरुस्त करून पाठवावा. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात ती वापरणाऱ्यांचा एक समूह आहे आणि त्याची एक मराठी वेबसाइट आहे. तीत धडे आहेत, प्रश्नोत्तरं आहेत. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. महिनाअखेरीचं मालाचं पत्रक बनवायला मला चार दिवस लागायचे. या लोकांच्या रविवारच्या वर्गाला बसलो आणि त्यांनी शिकवलेल्या साठ ओळींच्या प्रोग्रॅमने ते काम दोन तासांवर आलं. फी विचारली तर म्हणाले, फी नसते. मला ते पटेना. तेव्हा, "मग खजिनदार व्हा, काका," असं म्हणून मोकळे झाले.

वेबसाइट जुनी झाली होती. मोबाइलवर अक्षरं एकमेकांवर चढायची. ती नव्याने करण्यासाठी सभासदांनी ती रक्कम जमवली होती. बाहेरच्या एका कंपनीने एक लाख पंचवीस हजार सांगितले होते. मी दोन्ही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात, त्रिकोणाला धक्का न लावता लिहिले.

तेव्हा कोपरच्या ताई म्हणाल्या, "पैसे राहू देत. मी करते."

ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तरी समूहात सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पूर्वी त्या मोठ्या कंपनीत हेच काम करायच्या. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, नोकरी सुटली, त्याला आता सात वर्षं झाली. हे त्यांनी कुठलाही सूर न लावता सांगितलं. पुढे म्हणाल्या, "मला परत नोकरी हवीय. मधल्या सात वर्षांत काय केलं, असं विचारतात. दाखवायला काहीतरी पाहिजे. तेव्हा उपकार वगैरे समजू नका."

मला हे बोलणं आवडलं. कामामागचं कारण आधीच उघड्यावर मांडणारी माणसं मी कमी पाहिली आहेत.

त्यानंतर दर रविवारी आम्ही जमत राहिलो. हजेरीची वही माझ्याकडे. ताईंचा एकही रविवार चुकला नाही. समूहाची एक पद्धत आहे, ती इथे सांगायला हवी. कुणीही काही बदल केला की तो सगळ्यांना दिसेल अशा यादीत मांडायचा. दुसऱ्या कुणीतरी तो वाचून मान्य करायचा, स्वतःचं काम स्वतः मान्य करायचं नाही. मान्य करणाऱ्याचं नाव खाली येतं. मग तो तीन दिवस तसाच ठेवायचा, कुणाला हरकत असेल तर त्याने तिथेच लिहायची. कारखान्यात तीन सह्यांचं व्हाउचर मी वीस वर्षं बघतोय, पण सही करणारा खरोखर वाचतो, हे मी इथे पहिल्यांदा पाहिलं. ताईंनी बटणाचा रंग बदलला तरी ठाण्याचा आमचा पोरगेला इंजिनिअर, सर्व्हर सांभाळणारा, खाली लिहायचा, "ताई, हा निळा उन्हात दिसत नाही. मी गच्चीवर जाऊन बघून आलोय." आणि ताई त्याच संध्याकाळी दुसरा निळा टाकायच्या.

माझ्याकडे काम आलं मोजणीचं. जुन्या साइटवर एकशे बारा पानं होती. सगळी नव्यात आणायची तर काम लांबलं असतं. कुठली ठेवायची, हे ठरवायला आकडे हवे होते. साइट सुरू करणाऱ्या कुणीतरी फार पूर्वी तीत मोजणीचा एक तुकडा बसवला होता. पान उघडलं की एक नोंद. मी वर्षभराच्या नोंदी काढल्या आणि तक्ता केला. वर्षात पन्नासांहून कमी वेळा उघडलेली पानं त्रेचाळीस निघाली. पहिल्या धड्याला एकोणीसशे नोंदी, दुसऱ्याला एकतीस, नवव्याला शून्य. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "दुसऱ्या धड्यापासून गळती. वाचक टिकत नाही." तक्ता यादीत मांडला. ताईंनी वाचून मान्य केला. तीन दिवस गेले, हरकत आली नाही. त्रेचाळीस पानं वगळायची ठरली.

नवी साइट खुली करायचा दिवस ठरला जुलैतला दुसरा रविवार. आमची तेविसावी बैठक. त्यानंतरच्या बुधवारी ताईंची वागळे इस्टेटमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत होती. अर्जात त्यांनी या साइटचा पत्ता दिला होता, 'हे काम माझ्या देखरेखीखाली झाले' असं लिहून. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. ठाण्याच्या इंजिनिअरने पेढे आणले होते. बॉक्स उघडायचा नाही, साइट उघडल्यावरच उघडायचा, असं त्याचं म्हणणं.

सर खडवलीहून येतात. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले, वय सत्तरच्या पुढे. धडे दोन ते अठरा त्यांनी लिहिले आहेत. पावसाळ्यात गावाला इंटरनेट नव्हतं म्हणून त्यांनी माझा तक्ता तीन दिवसांत पाहिलाच नव्हता. त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर त्यांनी तो पहिल्यांदा वाचला. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"खजिनदार, माझ्या नवव्या धड्याला वर्षात शून्य?"

"आकडा तसा आहे, सर."

"अहो, मी स्वतः तो रोज उघडतो! शिकवायला बसलो की आधी नववा. जग वाचत नसेल एक वेळ, पण मी तर जिवंत आहे ना?"

सगळे हसले. इंजिनिअर म्हणाला, "सर, तुम्ही वाचता ते काऊंट नाय होत. लेखक फ्री!"

ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी आत्ता नववा धडा उघडा." नऊ जणांनी आपापल्या यंत्रावर जुन्या साइटवरचा नववा धडा उघडला. ताईंनी मोजणीचा आकडा पडद्यावर लावला. शून्य. पाच मिनिटं थांबलो. शून्य.

"म्हणजे आपण इथे नाहीच की काय?" सर म्हणाले.

कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आमच्या रविवारच्या वर्गात नव्या माणसाला पहिला धडा उघडून देतात आणि लगेच एक गोष्ट करून देतात: त्याच्या ब्राउझरमध्ये असे मोजणी करणारे, पाळत ठेवणारे तुकडे बंद करणारी सोय बसवतात. आपण काय वाचतो हे कुणी मोजू नये, असं या लोकांचं ठाम मत आहे. माझ्या संगणकातही ती ताईंनीच बसवली होती. आमच्याकडून शिकलेला प्रत्येक माणूस पहिल्या धड्यात मोजला जात होता आणि दुसऱ्यापासून दिसेनासा होत होता. जो जितका पुढे शिकला, तितका तो माझ्या तक्त्यातून पुसला गेला होता. आणि मी शेरा मारला होता, वाचक टिकत नाही.

वीस वर्षांत माझ्या हिशेबात अशी चूक झाली नव्हती. बेरीज बरोबर होती. मोजलेली माणसंच भलती होती.

अडचण काय आहे ते सगळ्यांना कळत होतं. शेवटी इंजिनिअर हळूच म्हणाला, "ताई, ऐका ना. आज ओपन करून टाकू. बुधवार होऊ दे. नंतर पानं परत घालू. कोणाला काय कळतंय?"

"सरांना कळलंय," ताई म्हणाल्या. "आणि नववा धडा शोधत आज कोणी आलं तर?"

"एक-दोन आठवडे थांबेल की तो."

"कशाला थांबेल? त्याला वाटेल, आपण त्याचा हात सोडला. निघून जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, हे कसं लिहायचं?"

मी म्हटलं, "चूक माझी आहे. माझं नाव लिहा."

"तक्ता तुम्ही केलात, मान्य मी केला. मान्य करणाऱ्याचं नाव खाली असतं ना?"

त्यांनी तिथेच बसून यादीत पाच ओळी लिहिल्या: खुलं करणं पुढे ढकललं आहे, त्रेचाळीस पानं वगळण्याचा निर्णय चुकीच्या मोजणीवर घेतला होता, मोजणी न तपासता मी मान्य केली. खाली त्यांचं पूर्ण नाव. त्याखाली मी माझ्या दोन ओळी लिहिल्या. पेढ्यांचा बॉक्स इंजिनिअरने तसाच परत पिशवीत घातला. सर म्हणाले, "अरे, निदान एक तरी दे, शून्य वाचकांच्या लेखकाला." कुणाला तरी हसू आलं, तेवढंच.

बुधवारी ताई मुलाखतीला गेल्या. साइट उघडलेली नव्हती. का उघडली नाही, ते त्यांनी यादीतल्या त्या पाच ओळींसकट दाखवलं. आठवड्याने उत्तर आलं: तूर्त जागा नाही. त्या ओळींमुळे की सात वर्षांमुळे, हे मला माहीत नाही, त्यामुळे त्या कंपनीला मी दोष देत नाही.

हे उत्तर यायच्या आधीच्या, मुलाखतीनंतरच्या पहिल्या रविवारीही ताई वेळेवर आल्या. आम्ही मोजणीचा तुकडा काढून टाकला आणि माणसांना विचारायचं ठरवलं. जुन्या वर्गांच्या हजेरीवरून मी फोन क्रमांक काढले, नऊ जणांत वाटले. कुठलं पान लागतं, एवढाच प्रश्न. उल्हासनगरच्या एका शिंप्याने सांगितलं की मापं साठवायचा त्याचा प्रोग्रॅम अकराव्या धड्यावर उभा आहे. त्रेचाळीसपैकी छत्तीस पानं कुणाला ना कुणाला लागत होती. सातांना खरोखरच कुणी विचारत नव्हतं. ती गेली. एकशे पाच राहिली. नव्याने घ्यायच्या छत्तीसपैकी वीस पानं एकट्या ताईंनी मांडली.

ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी, सव्विसाव्या बैठकीला साइट खुली झाली. यावेळचे पेढे सरांनी खडवलीहून आणले होते. सगळे खात असताना ताई खिडकीशी उभ्या होत्या. मी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "हो, छान झालंय. आता मावशींना काय सांगू, तेवढा प्रश्न आहे."

विचारलं तेव्हा कळलं. ताईंच्या यजमानांची रविवारी कामावर पाळी असते. म्हणून रविवारी सासूबाईंजवळ तळमजल्यावरच्या मावशी बसायच्या, दिवसाचे दोनशे रुपये ठरवून. पैसे त्यांनी अजून घेतले नव्हते. म्हणाल्या होत्या, "नोकरी लागली की दे एकदम."

मी सहा महिने खर्चाची पत्रकं सगळ्यांकडून मागत होतो. ताईंचं दर वेळी कोरं यायचं आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. मी त्याच वेळी, त्याच खोलीत विषय काढला. सरांनी हरकत घेतली. "कामाचे पैसे कुणालाच नाहीत, हा नियम आहे. खर्चात फक्त प्रवास बसतो."

"सर, खडवलीहून यायचं तुमचं तिकीट मी दर वेळी देतो," मी म्हटलं. "ताईंना घराबाहेर पडायला जे लागतं, ते त्यांचं तिकीट."

"काका, नको. माझं मी बघेन," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला कोण देतंय? मावशींना देतोय."

पद्धतीप्रमाणे ठराव यादीत मांडला: सव्वीस रविवार, दर दोनशे. तीन दिवस ठेवला. हरकत आली नाही. तिसऱ्या दिवशी सरांची एक ओळ मात्र आली: "दोनशे कमी आहेत. तीनशे करावेत." आठ जणांनी खाली होकार दिला. ताईंनी काही लिहिलं नाही.

ताईंना ऑक्टोबरात ठाण्यातल्या दुसऱ्या एका ऑफिसात काम मिळालं, आठवड्यातले तीन दिवस घरून. कशामुळे, ते मी विचारलेलं नाही. पण मावशींचे पैसे त्याआधीच पोचले होते. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मी सात हजार आठशे रुपये पाकिटात घालून कोपरला गेलो. मावशी साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, बोलायला खणखणीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि फेब्रुवारीपासून रविवारांवरच्या फुल्या बोटाने मोजल्या.

"सव्वीस नाय, पंचवीस. मे महिन्यात एक रविवार मी गावी गेलेले. तेव्हा हिचा नवरा सुट्टी काढून बसला."

"बरं, पंचवीस. पण दर आता तीनशे झालाय."

"कोणी केला? माझं नि हिचं दोनशे ठरलेलं."

"आमच्या सगळ्यांनी मिळून केला."

"मग तुम्ही सगळे या आणि बसा म्हातारीजवळ तीनशेनी," असं म्हणून त्यांनी पाकिटातल्या नोटा मोजून घेतल्या आणि उरलेल्या माझ्या हातात ठेवल्या. वर चहा केला.

माझ्या वहीतली नोंद अशी आहे: दिले रुपये पाच हजार, पंचवीस रविवारांचे, कोपरच्या मावशींना, सही घेतली. दोन हजार आठशे परत जमा.