मनगटावरचा पट्टा

रोह्याला मावशीकडे माझं येणं-जाणं होतंच, पण त्या खेपेला मी पेणहून थेट तिच्या कंपनीतच गेले. मावशी तिथे ठेकेदाराकडून पॅकिंगला होती. कंपनीला कामगारांच्या मनगटावर सेन्सरचा पट्टा बांधायचा होता. तो नेमका कशासाठी, हे कामगारांकडूनच समजून घेण्याचं काम आमच्या डिझाइनच्या ऑफिसने माझ्यावर सोपवलं होतं. याला डिझाइन थिंकिंग म्हणतात. आधी माणसाचा त्रास ऐकायचा, मग वस्तू ठरवायची. माझा यावर मनापासून विश्वास होता.

कॅन्टीनमध्ये बायकांना बसवलं, भिंतीवर चिकटवायला रंगीत चिठ्ठ्या दिल्या. कोणी बोलेना. सुपरवायझर दारात उभा होता, त्याला मी बाहेर घालवलं. मग मावशीच बोलली. दुपारी पत्र्याखाली गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पण बसायची सोय नाही.

"पट्टा बांधनारच हाव, तर त्याला आमचा ताप कळू दे," ती म्हणाली. "पडायच्या आधी कोनीतरी बस म्हनू दे."

मग सगळ्याच बोलत्या झाल्या. अंग तापलं की पट्ट्याने इशारा द्यावा आणि बाईला बसू द्यावं, असं मी अहवालात सर्वांत वर लिहिलं.

कंपनीच्या मॅनेजरने तो वाचून एवढंच विचारलं, "म्हणजे कोण बसलंय हे पट्ट्याला कळू शकतं?"

बायकांनी हे मागितलं नव्हतं, असं मी तिथेच सांगितलं. परतताना नागोठण्यापाशी आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मला गाडीत समजावलं, की गरज कोणाची हे पैसे देणारं गिऱ्हाईक ठरवतं. पुढच्या बैठकांना मला बोलावलं नाही.

पट्टा आला. हात थोडा वेळ स्थिर राहिला की तो थरथरायचा आणि सुपरवायझरच्या मोबाइलवर नाव लाल व्हायचं. माहितीपत्रकावर मात्र चिठ्ठ्यांच्या भिंतीपुढे हसणारी माझी मावशी, आणि खाली ओळ: कामगारांशी बोलून घडवलेला.

उन्हाळ्यात ती पॅकिंगच्या टेबलाशीच कोसळली. पट्ट्याने एवढंच नोंदवलं: 'काम थांबलं.' शेजारच्या बाईने तोंडावर पाणी मारलं. सुपरवायझर आला तो नाव लाल का झालं ते बघायला.

मी भेटायला गेले, तेव्हा ती खाटेवर पडून होती. मनगटावर पट्ट्याच्या जागी पुरळ उठलं होतं.

"तू इचारलंस म्हनून बोलले गो," ती म्हणाली. "नायतर आमी कवा बोलतो?"

चहा तिच्या सुनेने दिला. मावशी तोवर कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली होती.