ताबा नव्हे

रत्नागिरी कोर्टाबाहेरचा तो टायपिस्ट पक्षकाराला वाचून दाखवल्याशिवाय कागद मशीनमधून काढत नसे. त्र्याऐंशी साली मी नवा वकील, कायम घाईत. मला वैताग येई.

एकदा आईवेगळ्या नातीसाठी एक आजी माझ्याकडे आली. पोरीचा बाप तिला मुंबईला न्यायला बघत होता. टायपिस्ट वाचू लागला, "मुलीचा ताबा..."

"ताबा जमिनीचा घेतात, मेल्या! मी पोरीला सांभाळतंय."

त्याने नवा कागद चढवून 'सांभाळ' टाइप केलं.

"अहो, कायद्याचा शब्द ताबा आहे! अर्ज फेटाळला तर?" मी ओरडलो.

त्याने मशीन माझ्याकडे वळवलं. "मग तुम्हीच बडवा, वकीलसाहेब. अंगठा ती उठवणार आहे."

मला टायपिंग येत नव्हतं. अर्ज तसाच गेला, नात आजीकडेच राहिली.

पुढे मी टायपिंग शिकलो. माझ्या अर्जांतला 'सांभाळ' मात्र बदलला नाही.