शेवटच्या तासाचा रकाना

मंदाताईंची आणि माझी पहिली भेट अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, बसथांब्यावर झाली. नागपूरहून येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी मित्राला फोनवर खच्चून सांगत होतो, की यार, इथले प्रोफेसर ईमेलला उत्तरं देत नाहीत, असिस्टंटशिप कुठे मिळत नाही, आपलं काही खरं नाही. मागून स्वच्छ मराठीत प्रश्न आला, "काय रे, तुला शांत बसता येतं का?"

वळून पाहिलं तर रेनकोट घातलेल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई. हातात घडीचं स्टूल. मला वाटलं, आवाजावरून झापताहेत. "सॉरी काकू," म्हणून मी फोन खिशात टाकला.

"सॉरी कशाला? खरंच विचारतेय. तीन तास, एका जागी, फोन न बघता. जमेल?"

ती माझी मुलाखत होती, हे मला बस आल्यावर कळलं. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या विद्यापीठातल्या खोलीत आकडेमोडीला रुजू झालो. पुन्हा काकू म्हणालो, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "काकू घरी. कामावर ताई." तेव्हापासून आजपर्यंत त्या माझ्या ताई आहेत.

डॉ. मंदाकिनी टिपरे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर मान्यवर त्यांच्या अध्यापनाबद्दल लिहितीलच. संपादकांनी माझ्याकडे त्यांचं युरोपातलं काम सोपवलं आहे. सोबत 'वाद टाळावेत' अशी प्रेमळ सूचनाही आहे. तिचं पालन माझ्याकडून होणार नाही, हे आधीच सांगून त्यांची माफी मागतो. आपल्या ओळखीच्या वर्तुळात ज्या गोष्टीला अजूनही दबक्या आवाजात 'ताईंची ती चूक' म्हणतात, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. पण आधी काम.

ताई विद्यापीठात प्राण्यांच्या वर्तनाचा विषय शिकवत. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या बैठकांना त्यांना बोलावलं जाई आणि तिथे कुणीतरी हमखास म्हणे, "युरोपात हे फार चांगलं करतात." ताई लगेच विचारत, "कुठल्या युरोपात?" उत्तर कधी आलं नाही. मग त्यांनी ठरवलं, आपणच जाऊन बघायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेक देश घ्यायचा, तिथली मोठी-लहान प्राणिसंग्रहालयं पाहायची आणि सगळीकडे एकाच प्राण्यासमोर बसायचं. तो प्राणी म्हणजे अस्वल, कारण ते बहुतेक ठिकाणी असतंच.

त्यांची पद्धत सांगायला सोपी आणि करायला महाकठीण होती. सकाळी तीन तास बसायचं. दर पाच मिनिटांनी, अस्वल खातंय, झोपलंय, शांत बसलंय, खेळतंय, लपलंय की एकाच रेषेत येरझाऱ्या घालतंय, त्याची खूण करायची. मग दुपारी फिरून यायचं आणि बंद व्हायच्या आधीचा शेवटचा तास पुन्हा बसायचं. या शेवटच्या तासावर ताईंचा फार भर. सकाळी नुकतं खाणं पसरलेलं असतं, अस्वल ते हुडकण्यात रमलेलं असतं, सगळं छान दिसतं. "पाहुणे यायचे म्हणून आवरलेलं घर बघून काय कळणार?" त्या म्हणत. "संध्याकाळी जा."

मी त्यांच्याबरोबर पाच उन्हाळे हिंडलो आणि युरोपातला एकही राजवाडा पाहिला नाही. एकदा ज्या शहरात जगभरचे लोक चित्रं बघायला येतात, तिथे मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. ताईंनी दिली, पण अशा चेहऱ्याने, की मी स्टूल उचलून मुकाट्याने त्यांच्या मागे गेलो. डब्यात लसणाची चटणी लावलेले सँडविच आणि थर्मासात बिनसाखरेचा चहा. अस्वलांना आमचा वास आमच्या आधी पोचत असणार.

देशादेशांतले फरक त्यांच्या नजरेतून पाहणं हा आनंद होता. जर्मनीत काही जुन्या शहरांत इमारती इतक्या देखण्या, की त्या पाडता येत नाहीत. मग आतल्या प्राण्याने त्या देखणेपणात कसंबसं मावायचं. नेदरलँड्समध्ये आम्ही एका ठिकाणी चिखल तुडवत तासभर प्राणी शोधला, तो दिसला नाही आणि ताई खूष. इंग्लंडमध्ये निवृत्त आजी-आजोबा स्वयंसेवक प्रत्येक प्राण्याबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे, गुडघेदुखीसकट. दक्षिणेकडच्या एका गावात सिमेंटचा खड्डा होता, बघवत नव्हता. पण तिथला कीपर सुट्टीच्या दिवशी घरची अंजिरं घेऊन आला आणि त्याची हाक ऐकताच ते अस्वल खड्ड्याच्या कडेला येऊन उभं राहिलं. ताईंनी वहीत लिहिलं, 'जागा नापास, माणूस पास.'

म्हणूनच देशांची क्रमवारी लावायला त्या कधी तयार झाल्या नाहीत. एकाच देशातल्या दोन जागांमध्ये जितका फरक असतो तितका दोन देशांमध्ये नसतो, असं त्यांचं म्हणणं. पण लोकांना पहिला नंबर हवाच असतो. प्रत्येक जागेच्या खुणांचा एक तक्ता होता आणि त्याच्या तळाशी बेरजा होत्या. त्यात उत्तरेकडच्या एका देशातली एक जागा सगळ्यांत वर आली. तिचा तक्ता मी भरला होता.

तोवर मी शिक्षण संपवून सांता क्लाराला नोकरीला लागलो होतो आणि ताई निवृत्त होऊन मुलीजवळ, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला राहायला आल्या होत्या. मी शिकत असतानाही हिवाळ्याच्या सुट्टीत त्या मुलीकडे जात, तेव्हा मला तिथे बोलावून घेत. रविवारी सकाळी स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनीच मला बर्फात गाडी चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसून, हातात गरम चहा धरून. "ब्रेकवर नाचू नकोस रे, चहा सांडतोय माझा." वडिलांच्या आजारपणात मला व्हिसामुळे घरी जाता येईना, तेव्हा त्या दर आठवड्याला नागपूरला फोन करून माझ्या आईशी तासभर बोलत. हे मला आईकडून कळलं, त्यांच्याकडून कधीच नाही.

तर तो तक्ता. त्या दिवशी ताई दुसऱ्या शहरात होत्या, मी एकटा. सकाळचे तीन तास मी इमानदारीने बसलो. मोठं गवताळ आवार, मधे तळं, चारी बाजूंनी माणसांना दिसेल अशी मोकळी रचना. अस्वल शांतपणे खात हिंडत होतं. दुपारी वैभवचा फोन आला. नागपूरचा माझा वर्गमित्र, त्याच गावात नोकरीला होता. "यार, आई आलीय, पुरण शिजतंय. झू-वू कॅन्सल कर, सहाला पानावर पाहिजेस."

मी गेलो. जाताना ट्रेनमध्ये शेवटच्या तासाचा रकाना भरून टाकला. पाच-पाच मिनिटांच्या बारा खुणा, बाराही 'शांत'. सकाळी शांत होतं, संध्याकाळीही असेल. मला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही, हे आज लिहिताना जास्त लागतं.

पुढे तक्त्यांच्या बेरजा लागल्या, त्याच सुमारास इलिनॉयमधल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयाने त्यांच्या म्हाताऱ्या अस्वलिणीला नवं घर बांधायचं ठरवलं. आयुष्यभर ती सिमेंटवर एकाच रेषेत येरझाऱ्या घालत आली होती. ताई तिथे सल्लागार होत्या. समितीने त्या तक्त्यांमधला पहिला नंबर पाहिला आणि वास्तुविशारदाकडून हुबेहूब तसं आवार काढून घेतलं. मंजुरीच्या बैठकीसाठी मीही नेपरव्हिलला आलो. त्या दिवशी सकाळी ताई पोहे परतत होत्या, माझा तक्ता ओट्यावर होता.

"इतकं निवांत अस्वल मी सगळ्या युरोपात पाहिलं नाही रे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळीसुद्धा शांत! आपल्या म्हातारीला हे मिळणार, या विचाराने मला रात्री झोप आली नाही."

त्या रागावल्या असत्या, शंका घेतली असती, तर मी कदाचित निभावून नेलं असतं. पण त्या आनंदात होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी गॅस बंद केला. पोहे बशीत काढून माझ्यापुढे ठेवले. मग विचारलं, "पुरणपोळी चांगली झाली होती का?"

"हो."

"बरं. खाऊन घे आणि गाडीवरचा बर्फ काढ. निघायचंय."

त्यांची मुलगी ऋचा जिन्यावरून ओरडली, "आई, यू आर नॉट गोइंग इन धिस वेदर!" ताई तोवर बूट घालत होत्या.

बैठकीत काय होणार, हे मला गाडीत ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. माझं नाव येणार. तसं झालं नाही. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की या तक्त्यातला एक रकाना भरवशाचा नाही. "खाली सही माझी आहे, चूक माझी धरा. पण या आकड्यावर त्या अस्वलिणीचं घर बांधू नका." मंजुरी वसंतापर्यंत पुढे गेली. एक सदस्य मोठ्या सौजन्याने म्हणाले, की डॉ. टिपरे यांनी आता हे किचकट काम तरुण मंडळींकडे सोपवावं. आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

मी गप्प बसलो.

परतताना मी विचारलं, "ताई, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझे ग्रीन कार्डाचे कागद चाललेत, त्यात हे नको. त्यांना आकडा चुकीचा आहे एवढं कळायला हवं होतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तू युरोपातल्या त्या अस्वलाकडे परत जायचंस. आठवडाभर. शेवटचा तास."

मी रजा काढून गेलो. सलग सात दिवस संध्याकाळी बसलो. रोज पाच वाजले, की ते निवांत अस्वल लोखंडी दारापाशी जायचं आणि येरझाऱ्या सुरू करायचं. त्या सुंदर हिरवळीवर माणसांच्या नजरेपासून दूर जायला एक झुडूपसुद्धा नव्हतं. आत जायचं दार बंद. दार उघडेपर्यंत अस्वल चालतच राहायचं. आमच्या म्हातारीला आम्ही तेच बांधून देणार होतो, फक्त सिमेंटच्या जागी गवत घालून.

ताईंनी नवे आकडे समितीला पाठवले. आराखडा बदलला. माणसं एकाच बाजूने बघतील, बाकी तीन बाजूंना दाट झाडी आणि आतलं दार दिवसभर उघडं. उद्घाटनाचं निमंत्रण मात्र ताईंना आलं नाही, कारण आभार मानून त्यांना सल्लागारपदावरून मोकळं करून झालं होतं. त्या तिकीट काढून गेल्या. अस्वलीण दुपारपर्यंत झाडीत होती. मग बाहेर आली, तळ्यात बसली आणि पाण्यावर पंजा मारत राहिली. ताई कठड्याशी शाळेच्या मुलांमध्ये उभ्या राहून रडत होत्या. ती अस्वलीण पुढे तीन हिवाळे तिथे जगली.

ताईंना मात्र याची किंमत मोजावी लागली. त्यांचं युरोपावरचं पुस्तक छापायला घेतलेल्या प्रकाशकांनी आकड्यांबद्दल शंका म्हणून हस्तलिखित परत केलं. बैठकांची बोलावणी थांबली. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी स्वतः ऐकलं, "ताई आता थकल्या हो. वयाप्रमाणे व्हायचंच." बोलणारे चांगले गृहस्थ होते, काळजीने बोलत होते. हातात फराळाची ताटली घेऊन मी मान डोलावली. खोट्या खुणा मी एकदाच केल्या होत्या; ही मान मी वर्षानुवर्षं डोलावत आलो आहे. ताईंनी मला कधी एका शब्दाने आठवण करून दिली नाही. माझ्या लग्नात आईच्या शेजारी बसल्या, मुलाच्या बारशाला थंडीत विमानाने आल्या.

गेल्या महिन्यात मी त्या समितीला आणि प्रकाशकांना पत्रं पाठवली, माझ्या नावानिशी. मग ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्या अस्वलिणीचं नीट झालं ना? मग आता कशाला उकरून काढतोस?"

मी म्हटलं, "ताई, तुमच्या नावावरची ती चूक हाही चुकीचा आकडाच आहे."

मग म्हणाल्या, "बरं. मग दुरुस्त कर."

म्हणून हे सर्वांसमक्ष लिहितो आहे. ताईंचं काम चोख होतं. रकाना मी भरला होता. त्यांनी त्यावर केलेली सही माझ्यावरच्या विश्वासाची होती आणि तो विश्वास मी एका जेवणापायी मोडला. त्यांचं पुस्तक वाचायला मिळावं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी आता आवाज उठवावा.

ताई, आपल्याला उत्तम आरोग्य आणि भरपूर वर्षं मिळोत, ही शुभेच्छा देताना माझा थोडा हिशेबही आहे. आपण थकलात असं जे जे म्हणाले, त्या प्रत्येकाने आपल्या घरी यावं, समोर बसावं आणि माफी मागावी, एवढं आयुष्य तरी आपल्याला हवंच. यादी बरीच लांब आहे. पहिला मी येतोय, येत्या शनिवारी.

– निखिल, सांता क्लारा