शंभरातले पंधरा बोल्ट

कारखान्यात त्यांना सगळे गेजकाका म्हणत. बोल्टची जाडी तपासायचं लोखंडी माप म्हणजे गेज, आणि ते अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हातात होतं. जेवताना तेवढं खाली ठेवत असतील. आलेल्या मालातून शंभर बोल्ट काढायचे आणि एकेक तपासायचा. दोन खराब निघाले तर चालवून घ्यायचं, तिसरा निघाला की अख्ख्या लॉटवर लाल चिठ्ठी. तिथे कुणाची मात्रा चालत नसे. एकदा एका मालवाल्याने पेटीतला सगळ्यात चकचकीत बोल्ट त्यांच्या नाकासमोर धरला. काकांनी त्याला चहा पाजला आणि पेटी परत पाठवली. एक चांगला बोल्ट दाखवून लॉट पास होत नसतो, एवढंच म्हणाले. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती.

असा हा काटेकोर माणूस सिगारेटीकडे मात्र खुशाल कानाडोळा करी. दिवसाला पाकीट. कुणी टोकलं की ते आपल्या मामांना पुढे करत. मामा अठ्ठ्याऐंशीचे, जन्मभर ओढणारे आणि तरी तीन जिने चढून येणारे. या एका मामांच्या जिवावर काका एक्कावन्न वर्षांचे झाले होते.

मुलगी नर्स होती. फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट ती रोज बघे आणि घरी आली की वडिलांचा खोकला ऐके. एका रविवारी तिने सांगितलं, ओढणाऱ्यांना धोका पंधरापट. काकांनी विचारलं, कशाच्या पंधरापट? आकडे फुगवायला काय जातंय! प्रश्न रास्तच होता. मग तिने नीट सांगितलं: कधीच न ओढणाऱ्या शंभरांत साधारण एकाला होतो, जन्मभर ओढणाऱ्या शंभरांत साधारण पंधरांना, आणि हे नुसतं या एका रोगाचं.

"म्हणजे पंच्याऐंशी सुटतातच की. आता आपले मामाच बघ."

"बाबा, मामाआजोबा म्हणजे तो चकचकीत बोल्ट झाला."

काकांनी उठून माळ्यावरचा बोल्टचा डबा काढला, जेवणाच्या टेबलावर शंभर मोजले आणि पंधरा बाजूला केले. बायको ताटं घेऊन ताटकळत उभी राहिली. पंधरांचा ढीग चांगलाच दिसत होता.

"आत्ता सोडली तर?"

"पन्नाशीच्या आसपास सोडली तर सहाएक."

"तरी रिजेक्टच."

"असू दे. मला तुम्ही हवे आहात, बाबा."

दुसऱ्या दिवशी फडताळात सिगारेटचं पाकीट होतं, वर लाल चिठ्ठी, तारीख, सही. पुढचा महिना त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती; मीठ कमी पडलं तरी भांडण. पण आपण लावलेली लाल चिठ्ठी काकांनी कधी काढल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि बायको त्या भांडणांतही खुशीत होती.

मग मामा आले, तीन जिने चढून. बसल्या बसल्या त्यांनी पाकीट पुढे केलं. काकांनी हात जोडले.

"मला बघ की," मामा म्हणाले. "मला काय धाड भरली?"

"तुम्ही चांगला बोल्ट आहात, मामा," काका म्हणाले. "मी कुठला, ते सांगणारं गेज माझ्याकडे नाही."