गुरुवारचं भजन

मार्चमधला दुसरा गुरुवार, संध्याकाळी सात. आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावातला चर्चचा पॅरिश हॉल. हजर : क्लबचे अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त पोस्टमन, घरी बिअर बनवणारे सहा आयरिश सभासद, आमच्या ऑफिसातला तो, त्याची आई, आणि मी. आई आणि मी पहिल्यांदाच आलो होतो. आपण कुठे आलोय हे मला माहीत होतं. आईंना नव्हतं.

बिअर चाखायची त्याची एक पद्धत होती. घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटून गालातल्या गालात फिरवायचा आणि शांतपणे कागदी कपात थुंकायचा. ऑफिसच्या पार्टीत कुणी हसलं, की म्हणायचा, "चव घेतो. पीत नाही." त्याचे वडील दारूने गेले होते. न पिण्याचा आईला दिलेला शब्द त्याने कधी मोडला नाही. फक्त त्या शब्दाला वळसा घालून तो बिअर बनवायला लागला. "दिवसभर चिपच्या कारखान्यात धुळीचा कण जगू द्यायचा नाही," तो म्हणायचा, "मग घरी बादलीत काहीतरी जिवंत वाढवावंसं वाटतं." क्लबात त्याच्याइतका चांगला हात कुणाचा नव्हता.

आईला त्याने सांगितलं होतं, की गुरुवारी भजनी मंडळ असतं. आई सांगलीहून दर शुक्रवारी फोनवर विचारायच्या, "काल कुठला अभंग झाला?" म्हणून गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी यायचा. "यादीबाई, एक अभंग सांग ना. मागच्या वेळचा नको, तिच्या लक्षात राहतं." मला सगळ्याच्या याद्या ठेवायची सवय. कुठला अभंग होऊन गेलाय ते मी बघायची आणि नवा द्यायची. हसत हसत.

मग आई तीन महिन्यांसाठी इकडे आल्या. घरात आंबत ठेवलेली बादली त्याने त्याआधीच हॉलमध्ये हलवली. त्या आल्यावर पहिल्या गुरुवारी त्याने सांगितलं, हॉल बंद आहे. दुसऱ्या गुरुवारी सांगितलं, पेटीवाला आजारी आहे. तिसऱ्या गुरुवारी तो कामावरून घरी पोचला, तर आई जरीकाठी साडी नेसून तयार. पर्समध्ये नॅपकिनात गुंडाळलेले टाळ. मंडळाला भेट द्यायला त्यांनी ते सांगलीहून आणले होते. "माझ्यामुळे तुझं भजन बुडतंय," त्या म्हणाल्या.

त्याने मला फोन केला. "बाटल्या साडेआठला उघडतात. तू तिच्याशेजारी बस, आठ वाजता काहीतरी कारण काढून तिला घरी ने. प्लीज." मी वेळापत्रक करून दिलं. असल्या कामात मी पटाईत.

गाडीत आईंनी विचारलं, "तुम्हीही असता का भजनाला?"

"आज पहिल्यांदाच येतेय," मी म्हणाले. ते खरंच होतं. तेवढ्यावर मी खूश होते.

हॉलमध्ये टेबलावर वाटीत धान्य ठेवलं होतं. आईंनी चार दाणे तोंडात टाकले. "सातू ना रे? मोड आणून वाळवलेत. मी नाचणीचं करते तसंच. छान गोड लागतात." त्याने मान हलवली. आईंनी अध्यक्षांच्या हातात टाळ दिले. त्यांनी एकदा वाजवून पाहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई इतक्या लाजल्या, की क्षणभर मला वाटलं, निभावलं.

पण सभासदाची आई इतक्या लांबून आलेली. तिला कोरड्या घशाने बसवणं अध्यक्षांना कसं शोभावं? "साडेआठ वाजायची वाट कशाला बघायची?" असं म्हणत त्यांनी त्याचीच एक बाटली काढली आणि फेसाळता ग्लास आईंपुढे ठेवला. "तुमच्या मुलाची. आमच्यातली सगळ्यात उत्तम!" अभिमानाने त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आईंना इंग्रजी फारसं येत नाही. ते यायची गरजही नव्हती. वास आला आणि त्यांचा हात वाटीतच थांबला. ग्लास, बाटल्या, मुलगा, मग मी, असं त्या एकेकाकडे बघत गेल्या. माझ्यापाशी नजर थोडी जास्त थांबली.

"पीत नाही गं आई. फक्त करतो. हे बघ, थुंकतो मी," तो म्हणाला. पन्नाशीचा माणूस कागदी कप पुढे करून दाखवत होता.

त्यांनी ग्लास हलक्या हाताने बाजूला सरकवला आणि वाटीतले दाणे परत खायला लागल्या.

परतताना मी गाडी चालवत होते, तो शेजारी, आई मागे. वळणावर त्या म्हणाल्या, "तुझे बाबाही गुरुवारी भजनालाच जायचे."

एवढंच. त्याला हे माहीत नव्हतं. त्याने खिडकीकडे तोंड केलं. इंडिकेटर बंद करायचं मी विसरले आणि तो घरापर्यंत टिकटिकत राहिला.

परत जायच्या आदल्या दिवशी आईंनी मला आपणहून फोन केला. म्हणाल्या, "हॉलमध्ये त्याची एक बादली आहे म्हणे. वाया घालवू नका. धान्य आहे ते. त्याला सांगा, मी सांगितलंय. माझ्या तोंडून मला जमत नाही." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याला अभंग द्यायचात म्हणे, ते चांगले असायचे."

मी त्याला शब्दन् शब्द सांगितला. तो म्हणाला, "बघू, पुढच्या गुरुवारी." जेवणाच्या सुट्टीत आता तो माझ्या टेबलाशी येत नाही. कॅन्टीनमध्ये भेटतो, हवापाण्याचं बोलतो, इथल्या लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे सगळं छान, म्हणतो आणि जातो.

क्लबातही तो फिरकत नाही. मी मात्र जाते. मला बिअर आवडते असं नाही. पण त्या रात्री अध्यक्षांनी माझं नाव पटावर घातलं होतं आणि पटावरचं नाव गैरहजर राहिलेलं मला चालत नाही. महिन्याभरात कामांची यादीही माझ्याकडे आली. सभा सुरू करायला अध्यक्ष आता टाळ वाजवतात, ठेका चुकवून. नंतर ते टाळ मागच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, त्याच्या बादलीशेजारी जातात. बादलीतले बुडबुडे केव्हाच थांबलेत, म्हणजे बिअर तयार आहे. आता उशीर नको, असं सगळे म्हणतात. बाटल्या मी धुऊन ठेवल्यात, बुचं मोजून ठेवलीत. नळी लावायची आणि भरायचं, तासाभराचं काम. कुणीही करेल.

दर गुरुवारी यादीत वरचं काम तेच असतं : त्याची बादली, बाटल्या भरणे. त्यापुढे मी कुणाचंच नाव लिहीत नाही.