वरचे तीन सूर

माझ्या मोठ्या मुलीची वाद्यवृंदातली नोकरी आज गेली. गेली असं तरी कसं म्हणू, ती लागलीच नव्हती. एक वर्षाची उमेदवारी होती, ती संपली आणि तिला कायम केलं नाही. कारण एकच सांगितलं: अगदी वरचे तीन सूर चढे लागतात.

ती पाश्चात्त्य बासरी वाजवते, कळा दाबून वाजवायची धातूची, वयाच्या नवव्या वर्षापासून. तेव्हाही आम्ही याच घरात, तिसऱ्या मजल्यावर होतो. बरोबर आमच्या खाली घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहायचे. वरचा सूर निघाला की ते काठीने छताला ठोकायचे, दोनदा. भांडायला कधी आले नाहीत. जिन्यात भेटले की मुलीला ‘काय बासरीवाल्या बाई’ म्हणून हाकही मारायचे. पण काठी कधी चुकली नाही. हे, म्हणजे मुलीचे बाबा, म्हणायचे, माणूस ठेका तरी बिनचूक देतो. मला हसू यायचं नाही. कोणाच्या तोंडी लागणं माझ्या स्वभावातच नाही. मी आतल्या खोलीत भिंतीला गाद्या उभ्या केल्या, दाराखाली चादर कोंबली आणि मुलीला सांगितलं, हळू वाजव. रोज सांगितलं.

बासरीचे वरचे सूर हळू वाजवले की उतरतात, कारण फुंक पुरत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिच्याकडे सूर मोजायचं एक छोटं यंत्र होतं. काटा मध्यावर आला की सूर बरोबर. काटा मागे राहतोय हे बघून तिने स्वतःच युक्ती काढली. जबडा जरा पुढे, ओठ आवळलेले, बासरी किंचित बाहेर फिरवलेली. काटा मध्यावर आला. शिकवणारे सर म्हणाले, इतके नाजूक वरचे सूर मी कोणत्याच मुलाकडून ऐकले नाहीत. मी ते सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरले. अशी अकरा वर्षं गेली.

वाद्यवृंदात मागे साठ माणसं वाजवत असतात. तिथे फुंक भरूनच मारावी लागते. भरल्या फुंकेने सूर आपोआप चढतो, त्यात जबडा न विचारता पुढे जातो आणि काटा मध्य ओलांडतो. जबडा मागे ओढला तर सूर फाटतो. तिथल्या मुख्य बासरीवादक बाई सहा महिने तालमीनंतर तिच्याजवळ थांबल्या. एकदा त्यांनी विचारलं, वाजवताना तुला लहानपणी कोणी दटावायचं का गं? वरचा सूर यायच्या आधी तिची टाच जमिनीवरून उचलली जाते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. खाली आवाज जाऊ नये म्हणून माणूस चालतो तशी. मुलीने जेवताना हे गंमत म्हणून सांगितलं. हे हसले. मी ताटातला घास उगाच चिवडत बसले.

आज संध्याकाळी ती आली, बासरीची पेटी टेबलावर ठेवली आणि हात धुऊन चहा ठेवला. दोन कप. मी कित्येक महिने मनात धरून ठेवलेलं बोलले.

“एकदा मोठ्याने वाजव ना. खाली कोणी नाही आता.”

काका जाऊन चार वर्षं झाली. खालच्या घराला तेव्हापासून कुलूप आहे.

“मला माहीत आहे, आई,” ती म्हणाली. “जबड्याला कोण सांगणार?”

तरी तिने बासरी जोडली, माझ्या समाधानासाठी. मी यंत्र पुढ्यात ठेवलं. तिने छाती भरून पहिला सूर लावला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही वेळा काटा मध्याच्या पुढे गेला. मी तिच्या पायांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. दोन्ही टाचा वर होत्या.

तिसरा सूर थांबला आणि आम्ही दोघी तशाच राहिलो, दोन ठोके पडायला लागतात तेवढा वेळ. मग तिने बासरीचे तीन भाग सुटे केले, प्रत्येकातून फडकं फिरवलं आणि पेटी बंद केली. पुढच्या महिन्यापासून ती वाद्यांच्या दुकानात लागते आहे, लहान मुलांच्या आईबापांना बासऱ्या वाजवून दाखवायला. तिथे वरचे तीन कोणी मागत नाही, असं तिनेच सांगितलं. चहा थंड झाला होता, तो मी परत गरम केला.