लाल खुणा मोजणाऱ्या इंदूमावशी

इंदूमावशींना वाचता येत नव्हतं, पण वहीतल्या लाल खुणा मोजता येत होत्या. भाजी आणायला निघाल्या तरी पिशवीत नातवंडांची एखादी वही असायचीच. भाजीवाली वांगी तोलू लागली की मावशी वही उघडून तिच्यासमोर धरत. "हे पाय, ईस सवाल. अठरा बराबर, दोन गलत. अन् ते दोन बी पोरीले येत होते, घाईत गेले." भाजीवालीलाही अक्षरओळख नव्हती. दोघी मिळून खुणा पुन्हा मोजत, आकडा जुळला की दोघींना आनंद होई.

बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात त्या आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहत. मुलगा आणि सून बहादरपूरला केळीच्या मळ्यात राबत होते. नात रोशनी आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान हर्षल, या दोघांच्या शाळेसाठी मावशींनी गाव सोडलं होतं. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड असते, म्हणून बोलायचं ते मोठ्यानं. त्यामुळे रोशनी पहिली आली, हर्षलनं भाषण केलं, ही बातमी मावशी एकाला सांगत आणि सगळी गल्ली ऐकत असे. लोक हसत. मावशींना त्याचं काही वाटत नसे. "हसू द्या. पोरं शिकू राह्यले, चोरी नाही करू राह्यले."

मी जवळच्याच एका शाळेत गणित शिकवते. त्यामुळे माझ्या दारी मावशींची रोज फेरी असे. रोशनीही अडलेलं विचारायला यायची, पण तिचं अडत फार कमी. एकदा मी सोडवून दिलेल्या भूमितीच्या प्रश्नाकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि भीत भीत म्हणाली, "मॅडम, हे सीधा पण होतं ना? ही रेघ काढायची जरूरतच नाही." खरंच नव्हती. इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मला तिचं मनापासून कौतुक वाटलं होतं, हे मुद्दाम नोंदवते. कारण पुढे जे मी केलं, ते तिला ओळखण्यात चूक झाली म्हणून केलं नाही.

त्या वर्षी माझा मुलगा अनिकेत अकरावीत गणितातच नापास झाला. गणिताच्या मॅडमचा मुलगा. शाळेत कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. मावशी मात्र सरळ घरी आल्या. अनिकेत तिथेच बसला होता. त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "काय नाही होत रे बाबा. आमच्या रोशनीजवळ बसत जा, ते समजावून देईन तुले." त्यांच्या मनात काही नव्हतं. दहावीतली मुलगी अकरावीतल्या मुलाला शिकवणार, यात कुणाला काही लागेल हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. अनिकेत उठून आत गेला. मी हसले, चहा केला, आणि त्या गेल्यावर कितीतरी वेळ ओट्याशी उभी राहिले.

दोन महिन्यांनी रोशनीचा दहावीचा निकाल लागला. गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. मावशी पेढे घेऊन आल्या, मागे रोशनी दारातच उभी.

"मॅडम, आता तुमीच सांगा. पोरगी म्हणते मॅथ घेतो, इंजिनेर होतो. तिच्या बापाले यातलं काही समजत नाही. तुमी म्हणसान तसं करू."

आतल्या खोलीत अनिकेत होता. मी पेढा हातात धरून म्हणाले, "मावशी, दहावीचं गणित वेगळं. ही पाठांतरावर नंबर आणते. पुढचं तिला झेपायचं नाही. आर्ट्स द्या."

इतकी तीन-चार वाक्यं. आवाजही चढला नाही. रोशनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मावशी म्हणाल्या, "तुमी सांगता म्हणजे बराबरच असीन." जाताना त्यांनी मला आणखी दोन पेढे दिले.

रोशनीनं आर्ट्स घेतलं. बातम्या मात्र थांबल्या नाहीत. मावशी आता इतिहासाची वही घेऊन येत आणि तेवढ्याच अभिमानानं खुणा मोजत. "तुमी बरं सांगतलं मॅडम, पोरीले झेपू राह्यलं." हे ऐकवेना, म्हणून मी त्यांच्या चपलांचा आवाज आला की मोरीत जाऊन नळ सोडून ठेवू लागले.

जानेवारीत एका रविवारी त्यांनी मला गाठलंच. हातात जुनी, कव्हर फाटलेली वही होती. "मॅडम, हे रोशनीच्या उशाखाली भेटलं. याच्यात कोनीच लाल खूण नाही केली. मले समजेना किती बराबर हाये. तुमी मोजून देता का?"

अकरावीचं गणित होतं ते. कुणाचंतरी जुनं पुस्तक मिळवून ती एकटीच सोडवत बसली होती. मी लाल पेन घेतलं. मावशी शेजारी बसून प्रत्येक खुणेला मान हलवत होत्या. सहा पानं झाली. एक उदाहरण चुकलं होतं, बाकी सगळी बरोबर. सातव्या पानावर मी पेन खाली ठेवलं.

"मावशी, मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "हिला गणित येतं. तेव्हाही मला माहीत होतं. माझा अनिकेत नापास झाला, आणि तुमची ही..."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही माझ्या पुढ्यातून घेतली, मिटली, मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "आता काय करता येईन, ते सांगा."

मी सांगितलं, की जुलैत पुन्हा अकरावीला नाव घालता येईल. वर्ष जाईल. मी रोज शिकवीन.

"शिकवा," त्या उठत म्हणाल्या. "पन तिले हे सांगू नका. तुमच्यावरचा भरोसा उडाला तं पोरगी तुमच्याजवळ शिकन कशी?"

मी तिला दोन वर्षं शिकवलं. जीव ओतून शिकवलं. तिला इंदूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ती गल्लीत सगळ्यांना सांगत होती, "मी गलत सब्जेक्ट घेतला होता, मॅडमनी माझी वही बघून मला परत आणलं." शेजारी मावशी उभ्या होत्या. त्या रविवारनंतर त्यांनी मला नातवंडांची एकही बातमी सांगितली नव्हती. पाणी आलं का विचारत, लोणचं देत, माझं डोकं दुखलं तर बाम आणून देत. पण माझ्या दाराशी आल्या की रोशनी-हर्षल हा विषय संपायचा. त्यांच्या बातम्या मला भाजीवालीकडून कळत.

गेल्या माघात मावशी गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. तेराव्याला बहादरपूरला गेले. पंगत उठल्यावर रोशनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, आजी सगळ्यांना माझं सांगायची, फक्त तुम्हाला नाही. मी विचारलं तर म्हणायची, मॅडमले त्रास होते. कसला त्रास?"

आता ती माझ्याकडे शिकत नव्हती. मी सगळं सांगितलं. पेढ्यांसकट.

शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे त्या दिवशी दारात मी उभी होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

ती उठली. इतरांना दिला तसा मलाही चहा आणून दिला आणि भांडी आवरायला गेली.

सुट्टी संपवून इंदूरला निघताना बस पकडण्याआधी ती नेहमी माझ्याकडे यायची. चार दिवसांनी सकाळी समोरच्या खोल्यांना कुलूप लागल्याचा आवाज आला. मी दार उघडून उभी राहिले. तिची पाठ दिसली, खांद्यावर बॅग, शेजारी हर्षल. कोपऱ्यावर रिक्षा थांबली होती. दोघं बसले. तिनं वळून पाहिलं नाही, आणि तिला हाक मारावी असं माझ्याजवळ काही नव्हतं.